उष्णतेची लाट आणि हवामानाचे भाकीत : गणित कोठवर खरे ठरते?

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हवामान खात्याची थट्टा करणे हा आपल्याकडचा जुना विरंगुळा आहे. खात्याने पाऊस सांगितला की वाळवण अंगणात घालावे आणि कोरडे सांगितले की छत्री घेऊन निघावे, असे म्हणणारी माणसे प्रत्येक गावात भेटतात. पावसाच्या बाबतीत, विशेषतः मे महिन्यातील वळवाच्या सरींच्या बाबतीत, या थट्टेला थोडाफार आधार आहे हे मान्य करण्यात कमीपणा नाही. एका वाड्यावर सर कोसळावी आणि ओहोळापलीकडच्या वाड्यावर धूळ उडत राहावी, असाच तो पाऊस असतो. परंतु त्याच तराजूत उष्णतेच्या लाटेचा इशारा घालून जोखला तर मोठी फसगत होते, आणि ही फसगत प्रसंगी जिवावर बेतते.

याचे कारण असे की, वळवाची सर आणि उष्णतेची लाट या दोन निराळ्या जातीच्या घटना आहेत. सर काही मैलांच्या टापूत जन्मते आणि तासा-दोन तासांत विरून जाते. उष्णतेची लाट शेकडो मैलांच्या प्रदेशावर पसरते, दोन-चार दिवसांपासून कधी कधी पंधरवड्यापर्यंत ठाण मांडून बसते, आणि तिची पूर्वतयारी वातावरणाच्या वरच्या थरांत कित्येक दिवस आधीपासून चाललेली असते. जे मोठे आणि संथ असते ते गणिताच्या जाळ्यात सापडते. जे लहान आणि चपळ असते ते निसटते. अतितीव्र हवामानाच्या सर्व प्रकारांत उष्णतेची लाट हा सर्वांत भरवशाने सांगता येणाऱ्या प्रकारांपैकी एक आहे. मग हे भाकीत किती दिवस आधी, किती अचूकपणे करता येते, आणि जेथे ते चुकते तेथे का चुकते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

कॅनडातील एक गाव

या प्रश्नाची अलीकडच्या काळातील सर्वांत कठोर परीक्षा २०२१ सालच्या जून महिन्यात झाली, आणि ती झाली कॅनडा व अमेरिका यांच्या पश्चिम किनाऱ्यावर. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फ्रेझर आणि थॉम्प्सन या दोन नद्यांच्या संगमावर लिटन नावाचे जेमतेम अडीचशे वस्तीचे गाव आहे. लंडन ज्या अक्षांशाच्या आसपास आहे, त्याच्या जवळच हे गाव येते. संपूर्ण कॅनडात त्यापूर्वी नोंदले गेलेले सर्वाधिक तापमान ४५ अंश सेल्सिअस होते. ते १९३७ सालचे, सस्कॅचेवान प्रांतातले. हा उच्चांक ८४ वर्षे अबाधित होता. २७ जून २०२१ रोजी लिटनचा पारा ४६.६ अंशांवर गेला. दुसऱ्या दिवशी ४७.९. तिसऱ्या दिवशी, २९ जूनला, ४९.६. चौथ्या दिवशी वणवा आला आणि जवळजवळ सारे गाव जळून गेले.

त्याच दिवसांत अमेरिकेतील पोर्टलंड शहरात २८ जून रोजी ४६.७ अंश तापमान नोंदले गेले. त्या शहराचा पूर्वीचा उच्चांक यापेक्षा पाच अंशांनी कमी होता. उच्चांक मोडला जातो तो सहसा दशांश अंशाने, फार तर एका अंशाने. पाच अंशांनी उच्चांक मोडणे म्हणजे शंभर मीटरच्या शर्यतीचा जागतिक विक्रम कोणी दोन सेकंदांनी मोडण्यासारखे आहे. ज्या प्रदेशातील पुष्कळ घरांत वातानुकूलन तर नाहीच, पण विजेचा पंखाही क्वचित लागतो, तेथे हे घडले.

आता मुख्य मुद्दा. संगणकावरील हवामान-प्रतिमानांनी ही लाट आधी सांगितली होती काय? होय, सांगितली होती. सुमारे एक आठवडा आधी या प्रदेशात असाधारण उष्मा येणार असल्याची चिन्हे प्रतिमानांच्या आकड्यांत उमटू लागली. चार-पाच दिवस आधी तर त्यांनी जे आकडे दाखविले, ते पाहून अनुभवी अंदाजकारही चक्रावले. कारण त्या ठिकाणी तसे तापमान कोणाच्याही आठवणीत वा दप्तरात नव्हते. यंत्राने काहीतरी घोटाळा केला असावा, अशी शंका घेण्यास पूर्ण वाव होता. तथापि एकामागून एक येणारी गणिते तेच सांगू लागली, तेव्हा दोन्ही देशांच्या हवामान खात्यांनी लाट शिगेला पोहोचण्याच्या कित्येक दिवस आधी स्पष्ट शब्दांत इशारे दिले.

येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. जुन्या नोंदींच्या आधारे, निव्वळ संख्याशास्त्राने, त्या भागात जास्तीत जास्त किती तापमान चढू शकेल याचा हिशेब मांडला असता, तर प्रत्यक्षात जे घडले ते अशक्य कोटीतील ठरले असते. प्रतिमानाने मात्र ते शक्य म्हटले. कारण प्रतिमान जुन्या उच्चांकांची वही पाहून बोलत नाही. हवेचा दाब, उष्णता, बाष्प आणि वारा यांना लागू असलेले भौतिकशास्त्राचे नियम ते आकड्यांत सोडवीत जाते आणि उत्तर जे येईल ते सांगते. मागे असे कधी झाले होते काय, याचे त्याला सोयरसुतक नसते. शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने नंतर असा निष्कर्ष काढला की, मानवी कारणांनी झालेली तापमानवाढ नसती तर ही लाट जवळजवळ अशक्य होती. ज्या जगात हवामान स्वतःच बदलत चालले आहे, त्या जगात गेल्या शंभर वर्षांची वही पुरी पडत नाही.

मग या प्रतिमानांचे काहीच चुकले नाही काय? चुकले. दहा दिवसांपलीकडे पाहता त्या लाटेची तीव्रता त्यांना जवळपास दिसलीच नव्हती. त्या उष्णतेचा एक भाग हजारो मैल दूर, पॅसिफिक महासागरावर झालेल्या ढगांच्या मोठ्या निर्मितीतून आला होता. बाष्पाचे पाणी होताना जी उष्णता मोकळी होते, तिने वरच्या थरांतील उच्च दाबाचा डोंगर आणखी फुगविला. ते ढग तयार होईपर्यंत पुढचे गणित पक्के होणे कठीणच होते.

भाकीत बरोबर आले, इशारे वेळेवर गेले. तरीही एकट्या ब्रिटिश कोलंबियात त्या आठवड्यात उष्णतेने ६१९ माणसे दगावली. पुढच्या वर्षी तेथील मृत्यु-अन्वेषण अधिकाऱ्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातून दिसले की, मृतांपैकी दोन-तृतीयांश व्यक्ती सत्तर वर्षे वा अधिक वयाच्या होत्या, निम्म्याहून अधिक एकट्या राहत होत्या, आणि जवळजवळ सर्व मृत्यू घराच्या आत झाले. इशारा दूरदर्शनवर पोहोचला, वर्तमानपत्रांत पोहोचला. बंद खोलीत एकट्या बसलेल्या वृद्धाच्या दारापर्यंत पोहोचला नाही.

हिशेब कसा मांडतात

प्रतिमान हा शब्द ऐकून काहीतरी गूढ यंत्र डोळ्यांसमोर येते. वस्तुतः कल्पना साधी आहे. पृथ्वीभोवतालच्या हवेचे लहान लहान चौकोनी ठोकळे कल्पावयाचे, प्रत्येक ठोकळ्यातील आत्ताचे तापमान, दाब, वारा आणि आर्द्रता नोंदवावयाची, आणि शेजारच्या ठोकळ्यांचा परिणाम धरून थोड्या मिनिटांनी काय स्थिती होईल ते काढावयाचे. ते उत्तर घेऊन पुन्हा पुढचा हिशेब. असे करीत करीत दहा दिवस पुढे जावयाचे.

हे प्रथम करून पाहिले लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गणितज्ञाने. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर काम करताना त्याने २० मे १९१० या दिवसाचा सहा तासांचा हिशेब हाताने मांडला. उत्तर संपूर्ण चुकले. सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने बदलेल असे त्याच्या गणितात आले. प्रत्यक्षात तो जवळजवळ स्थिर होता. या गृहस्थाचा मोठेपणा असा की, १९२२ साली त्याने हा फसलेला हिशेब आपल्या ग्रंथात जसाच्या तसा छापला. साऱ्या जगाचे हवामान वेळेत काढावयाचे तर ६४ हजार गणनिक एका सभागृहात बसवावे लागतील, असाही त्याने अंदाज केला. १९५० साली अमेरिकेत एनिआक या संगणकावर पहिली यशस्वी गणिते झाली. चोवीस तासांचा अंदाज काढावयास त्या वेळी जवळपास चोवीस तासच लागत. त्यानंतरची प्रगती संथ, परंतु अखंड आहे. गेल्या काही दशकांत, दर दहा वर्षांना सुमारे एक दिवस या गतीने उपयुक्त भाकिताची मुदत वाढत गेली. चाळीस वर्षांपूर्वी दोन दिवसांचे भाकीत जितके विश्वासार्ह असे, तितके आज साधारणपणे सहा दिवसांचे असते.

आपल्या देशात मध्यम पल्ल्याच्या अंदाजासाठी राष्ट्रीय केंद्र १९८८ साली स्थापन झाले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली ‘प्रत्युष’ हा महासंगणक आला, त्याचा जोडीदार ‘मिहिर’ नोएडा येथे बसविण्यात आला, आणि त्याच वर्षी सुमारे बारा किलोमीटरच्या चौकोनांवर चालणारी अंदाजपद्धती सुरू झाली. मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरच्या चौकोनांवर चालणारी ‘भारत’ अंदाजपद्धती कार्यान्वित झाली. या आकड्यांचा अर्थ गोव्यापुरता असा होतो : आपल्या राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. बारा किलोमीटरच्या जाळ्यात संपूर्ण गोवा सुमारे पंचवीस चौकोनांत मावतो. सहा किलोमीटरच्या जाळ्यात शंभरावर चौकोन होतात. हे सारे गणित सुरू करण्यासाठी आत्ताची स्थिती माहीत हवी, आणि ती उपग्रहांकडून, विमानांकडून, जहाजांकडून, जमिनीवरील केंद्रांतून व आकाशात सोडलेल्या फुग्यांतून मिळते. पणजीच्या वेधशाळेतूनही असे फुगे सोडले जातात. त्या फुग्याला बांधलेले लहानसे उपकरण मैलोगणती वर जाताना जे आकडे पाठविते, ते साऱ्या जगाच्या हिशेबात धरले जातात.

आत्ताच्या स्थितीतील किंचित चूक पुढे फुगत जाते, हे अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड लोरेंझ यांनी १९६३ साली दाखवून दिले. त्यामुळे दोन आठवड्यांच्या पुढे रोजचे हवामान तारीखवार सांगता येत नाही. यावर तोडगा म्हणून एकच हिशेब मांडण्याऐवजी सुरुवातीचे आकडे किंचित बदलून अनेक हिशेब मांडतात. पुण्यातील बारा किलोमीटरच्या पद्धतीत असे एकवीस हिशेब एकत्र चालत. एकवीस जाणत्या शेतकऱ्यांना विचारावे आणि अठरा जणांनी एकच सांगावे, तसे झाले म्हणजे भरवसा वाढतो; अकरा जण एकीकडे आणि दहा दुसरीकडे गेले, तर सावध राहावे. उष्णतेच्या बाबतीत हे हिशेब बहुधा पाच-सात दिवसांपर्यंत एकमेकांना धरून असतात. वळवाच्या सरीबाबत ते दुसऱ्याच दिवशी भांडू लागतात.

आपल्याकडील लाट

भारतीय हवामान विभाग कोणत्या परिस्थितीला उष्णतेची लाट म्हणतो, हे शिक्षकांनी मुलांना सांगून ठेवण्यासारखे आहे. मैदानी प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश, किनारपट्टीवर निदान ३७ अंश आणि डोंगराळ भागात निदान ३० अंश झाले पाहिजे. शिवाय ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी अधिक पाहिजे. सरासरीपेक्षा ६.४ अंशांहून अधिक चढल्यास ती तीव्र लाट. मैदानी प्रदेशात तापमान ४५ अंशांवर गेले की सरासरी न पाहता लाट समजतात, आणि ४७ वर गेले की तीव्र लाट.

उत्तर व मध्य भारतातील लाटेचे भाकीत तुलनेने सोपे आहे. उच्च दाबाखाली हवा वरून खाली उतरते. उतरताना ती दाबली जाते आणि दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी तापते. आकाश निरभ्र, जमीन कोरडी, आणि राजस्थानकडून येणारा वारा. जमिनीत ओल असली म्हणजे उन्हाची पुष्कळशी शक्ती पाणी उडविण्यात खर्च होते. ओल संपली की सारी शक्ती हवा तापविण्याकडे वळते. हे सगळे मोठ्या प्रमाणावर घडते, म्हणून ग्वाल्हेर, इंदूर वा नागपूरकडील लाट तीन-चार दिवस आधी बऱ्याच खात्रीने सांगता येते. तेथे चूक होते ती बहुधा शेवटच्या टप्प्यात. एखादी वावटळ, धुळीचे वादळ किंवा दुपारनंतरचा गडगडाट लाट मोडून टाकतो, आणि तो नेमका कोणत्या दिवशी येईल हे प्रतिमानाला नीट उमगत नाही.

गोवा व कोकणपट्टीचे दुखणे वेगळे आहे. आपले दुपारचे तापमान एका गोष्टीवर अवलंबून असते : खारा वारा किती वाजता सुरू होतो. मार्चमध्ये कित्येकदा सकाळपासून सह्याद्रीकडून पूर्वेचा वारा वाहतो. घाट उतरताना तो तापतो आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला अडवून धरतो. खारा वारा अकरा वाजता आला तर पारा तेहतीस-चौतीसवर थांबतो. तोच दोन वाजेपर्यंत रखडला तर पारा सदतीस-अडतीसपर्यंत चढतो. म्हणजे लाट आहे की नाही, हे दोन-तीन तासांच्या फरकावर ठरते. बारा किलोमीटरच्या चौकोनात किनारा, खाडी, खाजन, डोंगरउतार हे सारे एकाच सरासरीत मिसळून जाते. त्यामुळे खाऱ्या वाऱ्याची वेळ साधणे प्रतिमानाला जड जाते. पूर्वेचा वारा जोरात राहील की नाही, हे मात्र ते तीन-चार दिवस आधी चांगले सांगते. यास्तव गोव्यातील इशाऱ्याचा आकडा एक-दोन अंशांनी चुकला म्हणून इशाराच खोटा समजणे बरोबर नाही. मार्च २०२३ मध्ये असाच इशारा आला, तेव्हा राज्यातील शाळा दोन दिवस दुपारपूर्वी सोडण्यात आल्या होत्या. त्या वेळी नाके मुरडणारे काही होते. पण बारा वाजता उन्हात चालत घरी जाणारे मूल आणि अकरा वाजता जाणारे मूल यांत किती फरक आहे, हे डांबरी रस्त्यावर उभे राहून पाहावे.

किनारपट्टीची आणखी एक गोष्ट आकड्यात सापडत नाही. घाम वाळतो तेव्हाच शरीर थंड होते, आणि दमट हवेत घाम वाळत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे भर उन्हात भरलेल्या एका प्रचंड मेळाव्यानंतर उष्माघाताने चौदा जण दगावले. त्या दिवशी परिसरातील तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. लाटेच्या व्याख्येत तो दिवस बसत नव्हता. इंदूरला ३८ अंश म्हणजे एप्रिलमधील साधा दिवस. किनाऱ्यावर, सावली नसताना, तासन्‌तास बसलेल्या माणसाला ते प्राणघातक ठरू शकते. आर्द्रता धरून काढलेला उष्णता-निर्देशांक हवामान विभागाने त्याच वर्षी प्रायोगिक स्वरूपात देण्यास सुरुवात केली. किनाऱ्यावरील जनतेने तापमानाइतकेच लक्ष या निर्देशांकाकडे द्यावे हे उत्तम.

तापमापकाची साक्ष

भाकीत खरे ठरले की खोटे, याचा निवाडा करावयाचा तर तापमापक तरी खरा पाहिजे. २९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर येथील स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश दाखविले आणि ती बातमी काही तासांत जगभर गेली. त्याच दिवशी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंश नोंदले होते. देशातील आजवरचा मान्य उच्चांक १९ मे २०१६ रोजी राजस्थानातील फलोदीचा, ५१ अंशांचा आहे. विभागाने तज्ज्ञ पाठवून मुंगेशपूरचे उपकरण प्रमाणित तापमापकाशेजारी ठेवून तपासले, तेव्हा ते तीन अंशांनी अधिक दाखवीत असल्याचे आढळले. शेजारच्या इतर केंद्रांशी न जुळणारा आकडा आला, तर घाईने छापू नये, हा धडा वर्तमानपत्रांनी त्या दिवसापुरता तरी घेतला असावा. वेधशाळेतील तापमापक पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, सावलीत टांगलेला असतो. दुकानाच्या दारावरील वा मोटारीतील काट्याने दाखविलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

दूरचा पल्ला आणि नवी यंत्रे

दोन आठवड्यांपलीकडचे काय? २०१० सालच्या उन्हाळ्यात पश्चिम रशियावर उच्च दाबाचा डोंगर आठवड्यांमागून आठवडे ठाण मांडून बसला. मॉस्कोत पारा प्रथमच ३८ अंशांपलीकडे गेला आणि सुमारे ५५ हजार अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. पुढच्या आठवड्यात उष्मा टिकेल हे प्रतिमाने वारंवार बरोबर सांगत होती. तो कधी संपेल हे सांगणे मात्र त्यांना फार अवघड गेले. आपल्याकडे मार्च २०२२ मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदींत त्या महिन्यासाठी सर्वाधिक ठरले. ओंब्या भरण्याच्या वेळी गव्हाला झळ बसली, आणि १३ मे रोजी केंद्र शासनाला गव्हाच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. हवामान विभाग दर गुरुवारी पुढील आठवड्यांचा विस्तारित अंदाज आणि उन्हाळ्यापूर्वी तीन महिन्यांचा कल प्रसिद्ध करतो. त्यातून मिळते ती दिशा. तारीख मिळत नाही. लग्नाची तिथी त्यावर ठरवू नये. टँकरची व्यवस्था, औषधांचा साठा आणि परीक्षांचे वेळापत्रक त्यावर ठरविण्यास हरकत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी नवी प्रतिमाने २०२३ पासून पुढे आली आहेत. ती भौतिकशास्त्राची समीकरणे सोडवीत नाहीत. गेल्या चार दशकांतील हवामानाचे नकाशे पाहून शिकतात आणि काही मिनिटांत दहा दिवसांचा अंदाज काढतात. नेहमीच्या हवामानात ती जुन्या प्रतिमानांच्या बरोबरीने, कित्येकदा पुढेही असतात. युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या केंद्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये असे प्रतिमान नित्याच्या वापरात आणले. परंतु लिटनसारख्या, मागे कधीच न घडलेल्या तापमानाच्या वेळी ती आकडा कमी सांगण्याकडे झुकतात असे आढळले आहे. जे कधी पाहिले नाही ते ओळखणे शिकाऊ माणसालाही जड जाते. तूर्त दोन्ही प्रकारची यंत्रे शेजारी शेजारी चालविणे हेच शहाणपणाचे.

अहमदाबादचा अनुभव

मे २०१० मध्ये अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांवर गेला, आणि त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा १,३४४ अधिक मृत्यू झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. त्या काळी उष्णतेने माणसे मरतात हे कोणाच्या नोंदवहीत स्वतंत्रपणे येतच नव्हते. ज्वर, हृदयविकार, अशक्तपणा अशा सदरांत ती विखुरली जात. २०१३ साली अहमदाबाद महानगरपालिकेने गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या व इतरांच्या साहाय्याने उष्णता कृती योजना आखली. दक्षिण आशियातील ती पहिली योजना होय. तिच्यात अवजड असे काही नाही. सात दिवसांचे तापमानाचे भाकीत रोज एका नेमलेल्या अधिकाऱ्याकडे यावे. ठराविक आकडा ओलांडला की त्याने रुग्णालये, पाणीपुरवठा, कामगार खाते आणि वस्तीतील आरोग्यसेविका यांना कळवावे. बागा दुपारी उघड्या ठेवाव्यात. बांधकामाच्या वेळा बदलाव्यात. पुढील अभ्यासानुसार या योजनेने दर वर्षी हजाराहून अधिक जीव वाचले असावेत. वडोदऱ्यासह अनेक शहरांनी आणि राज्यांनी नंतर हा मार्ग धरला.

फ्रान्सने हा धडा अधिक महाग किमतीला घेतला. ऑगस्ट २००३ मध्ये तेथे सुमारे पंधरा हजार माणसे उष्णतेने दगावली. उष्मा वाढतो आहे हे त्यांच्या हवामान खात्याला दिसत होते. परंतु तापमानाचा आकडा आणि रुग्णालय यांना जोडणारी व्यवस्थाच अस्तित्वात नव्हती. पुढच्याच वर्षी ती उभारण्यात आली.

आता आपल्या पंचायतीपुरते थोडे. इशाऱ्याचे चार रंग असतात. हिरव्याला काही करावे लागत नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, तांबडा म्हणजे कृती करा. नारिंगी रंग बहुधा दोन-तीन दिवस आधी दिसतो, आणि खरे काम त्याच वेळी व्हावयास हवे. तांबडा लागल्यावर धावाधाव करून फारसे साधत नाही. काजूच्या बागेत बोंडू गोळा करणाऱ्या स्त्रिया, रस्त्याच्या कामावरील मजूर, मासळी बाजारात उघड्यावर बसणाऱ्या विक्रेत्या आणि घरात एकटे राहणारे वृद्ध यांची यादी पंचायत सचिवाकडे मार्च उजाडण्यापूर्वी तयार असावी. यादीतील प्रत्येक घरासमोर एका शेजाऱ्याचे नाव लिहावे. नारिंगी इशारा आला की त्या शेजाऱ्याने सकाळी एकदा आणि रात्री एकदा दार ठोठवावे. रात्रीचे विशेष महत्त्व अशासाठी की, दिवसभर तापलेली स्लॅबची घरे रात्री निवत नाहीत, आणि लागोपाठच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीनंतरच वृद्धांची प्रकृती ढासळते. माध्यमिक शाळांत भूगोलाच्या शिक्षकांनी एप्रिल-मेपर्यंत न थांबता फेब्रुवारीपासून फळ्याच्या एका कोपऱ्यात आदल्या दिवशीचे भाकीत आणि आजचे प्रत्यक्ष कमाल तापमान शेजारी शेजारी लिहावे. महिनाभरात मुलांना स्वतःच दिसेल की हवामान खाते किती वेळा एका अंशाच्या आत राहिले, किती वेळा चुकले, आणि चुकलेल्या दिवशी खारा वारा किती वाजता आला होता.